वालुकामय जमिनीतील पाइनची यामादोरी

यामादोरी म्हणजे निसर्गात आपोआप वाढलेले झाड मुळांसह काढून बोन्सायसाठी (वामनवृक्षासाठी) कुंडीत आणण्याची पद्धत होय. हा शब्द जपानी असून त्यातील 'यामा' म्हणजे डोंगर आणि 'दोरी' म्हणजे घेणे किंवा काढणे. शब्दात डोंगर असला तरी प्रत्यक्षात ही संज्ञा दलदल, माळरान, नदीकाठ आणि समुद्रकिनारा येथून आणलेल्या झाडांनाही लावली जाते. अशा पद्धतीने आणलेल्या झाडालाही यामादोरी असेच म्हणतात. वालुकामय जमिनीत वाढणारे पाइन हा या पद्धतीचा एक महत्त्वाचा आणि काहीसा अवघड प्रकार आहे. ज्या वाळूमुळे पाइनला ठेंगणा, जून आणि वाऱ्याने वळवलेला आकार मिळतो, त्याच वाळूमुळे त्याची मुळे दूरवर पसरतात आणि झाड उपटताना मुळांभोवतीची माती सुटून पडते. त्यामुळे या प्रकारात खोडाच्या सौंदर्यापेक्षा मुळांच्या अवस्थेला अधिक महत्त्व आहे.

जपानच्या शिकोकू बेटावरील कागावा प्रांतात या पद्धतीचा इतिहास सर्वांत ठळकपणे दिसतो. तेथील ताकामात्सु शहराच्या परिसरात किनाऱ्यावरील रानटी काळ्या पाइनपासून सुरू झालेला छंद पुढे वालुकामय शेतांत पाइन वाढवण्याच्या व्यवसायात रूपांतरित झाला.

वाळू आणि पाइन

पाइन (चीड, सरल) कुलातील अनेक जाती निकृष्ट जमिनीत तग धरतात. जपानी काळा पाइन (कुरोमात्सु) होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांच्या व दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यांवर, युरोपातील स्कॉट्स पाइन उत्तर युरोपच्या वालुकामय माळरानांवर, तर जॅक पाइन आणि पिच पाइन उत्तर अमेरिकेच्या वाळूमिश्र प्रदेशांत वाढतात. यांना वाळू विशेष प्रिय आहे असे मात्र नाही. सुपीक जमिनीत रुंद पानांची झाडे पाइनपेक्षा वेगाने वाढून त्याचा सूर्यप्रकाश अडवतात. वाळूत त्यांचा टिकाव लागत नाही आणि पाइनचा लागतो.

वाळूच्या कणांमधील पोकळ्या मोठ्या असल्याने पावसाचे पाणी झटकन खाली निघून जाते आणि त्याबरोबर विरघळलेली पोषकद्रव्येही जातात. अशा जमिनीत पाइनला जगण्यासाठी कवकांची साथ आवश्यक असते. पाइनच्या बारीक मुळांवर कवकतंतूंचे आवरण तयार होते. या संयुक्त रचनेला कवकमूळ म्हणतात. कवक मुळांच्या आवाक्याबाहेरील पाणी, फॉस्फरस आणि नायट्रोजन मिळवून देते आणि मोबदल्यात झाडाकडून शर्करा घेते. जपानच्या किनारी पाइनवनांत वाळूखाली उगवणारे 'शोरो' नावाचे खाद्य कवक हे अशाच सहजीवनाचे फळ आहे. यामादोरीच्या झाडाची मुळे पाण्याने धुऊन स्वच्छ करू नयेत, या नियमामागे हेच कारण आहे. धुण्यात माती जाते आणि तिच्याबरोबर हा सहचरही जातो.

बोन्सायच्या दृष्टीने हवीहवीशी वाटणारी वैशिष्ट्ये या उपासमारीतून निर्माण होतात. वार्षिक वाढ काही सेंटिमीटरच होत असल्याने फांद्यांवरील पेरे आखूड राहतात. मनगटाएवढ्या जाडीच्या खोडातही वाढीची वलये दाट बसलेली असतात आणि साल वयाप्रमाणे जाड व भेगाळ होते. समुद्राकडून येणारा खारा वारा त्या बाजूचे डोळे जाळतो, त्यामुळे फांद्या जमिनीच्या दिशेने एकाच बाजूला वळतात. बोन्सायमधील 'फुकिनागाशी' (वाऱ्याने झुकलेले झाड) या शैलीचे मूळ अशा झाडांत आहे. वाऱ्याने खोडाखालची वाळू उडवून नेली तर मुळे उघडी पडून झाड जणू पायांवर उभे राहते. हा 'नेआगारी' शैलीचा नैसर्गिक नमुना होय. उलटही घडते. सरकत्या वालुकागिरीखाली खोडाचा खालचा भाग गाडला जातो आणि मुळांचा खरा फुटवा वाळूच्या पृष्ठभागाखाली बराच खोल राहतो. वरून बारीक दिसणारे झाड खाली हाताने वाळू बाजूला केल्यावर दुप्पट जाड निघाल्याचा अनुभव म्हणूनच नवा नाही.

मुळांची अडचण

डोंगरावरील खडकाच्या खळग्यात वाढलेल्या झाडाची मुळे त्या खळग्याच्या मर्यादेत कोंडलेली असतात. खळगा म्हणजे एक प्रकारे निसर्गाने दिलेली कुंडीच असते. त्यातील झाड पुष्कळदा चटईप्रमाणे गुंडाळलेल्या मुळांसह सुटून येते. वाळूत असा अडथळा नसतो. सोटमूळ ओलाव्याच्या शोधात सरळ खाली जाते आणि आडवी मुळे पृष्ठभागाजवळून झाडाच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरावर पोहोचतात. पाणी शोषणारी बारीक पांढरी मुळे या लांब दोरांच्या टोकांना असतात, खोडाजवळ फारशी नसतात. खोडाभोवती हातभर अंतरावर मुळे तोडून झाड काढले, तर हाती येतात ती केवळ झाडाला धरून ठेवणारी जाड मुळे. पाणी घेणारी मुळे जमिनीतच राहतात.

दुसरी अडचण मातीच्या गोळ्याची, म्हणजे रोपवाटिकेच्या भाषेत हुंडीची. चिकण किंवा पोयट्याच्या जमिनीतून झाड हुंडीसह निघते. कोरड्या वाळूची हुंडी होत नाही. झाड उचलताच वाळू गळून पडते, तिच्याबरोबर बारीक मुळे तुटतात आणि उरलेली काही मिनिटांत वाऱ्याने सुकतात.

त्यातच पाइनचा एक स्वभाव फसवा आहे. रुंद पानांच्या झाडाची मुळे मेली की पाने काही दिवसांत कोमेजतात. पाइनची सूच्याकृती पाने जाड मेणचट आवरणामुळे कित्येक आठवडे, थंड हवेत तर काही महिने हिरवी राहतात. झाड जगले असे समजून संग्राहक त्याला तारा बांधू लागतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते एकाएकी तांबूस पडते. ते मेलेले असते खणले त्याच दिवशी. एकट्याने, पूर्वतयारीविना आणि हौसेपोटी वाळूतून काढलेल्या जुन्या पाइनचा असा शेवट होण्याची शक्यता फार मोठी असते. जे झाड वाळूत अनेक दशके टिकले, ते एका दुपारच्या खणण्याने जाते.

निवड

म्हणून अनुभवी संग्राहक झाडाची पहिली परीक्षा फांद्यांकडे न पाहता मुळांशी घेतात. खोडाभोवतीची वाळू हाताने किंवा बांबूच्या काडीने हळूहळू दूर केली जाते. खोडापासून सुमारे ३० ते ४० सेंटिमीटरच्या आत बारीक, फांद्या फुटलेली, पांढुरकी कवकतंतूंची झाक असलेली मुळे दिसली, तर झाड काढण्याचा विचार करता येतो. गुळगुळीत, जाड, दोरासारखी दोनतीन मुळेच दूरवर जाताना दिसली, तर वाळू पुन्हा पूर्ववत लोटून झाड तेथेच सोडणे योग्य मानले जाते.

वालुकामय प्रदेशातही काही जागा इतरांपेक्षा अनुकूल असतात. वाळूचा थर पातळ असून खाली कठीण थर किंवा खडक आहे, जेथे गवत वा शेवाळाची जाळी वाळूला बांधून ठेवते, किंवा जेथे पाइनची गळलेली पाने कुजून वरच्या काही सेंटिमीटरांत काळसर थर झाला आहे, अशा ठिकाणी मुळे वरच्या बाजूस व खोडाजवळ दाट होतात. हरणे किंवा सशांनी वारंवार शेंडे खाल्लेली झाडेही उपयुक्त ठरतात, कारण त्यांचे खोड आखूड राहून खालच्या फांद्या जिवंत असतात. पाइनच्या जुन्या, पाने नसलेल्या फांदीवर नवा फुटवा सहसा येत नाही. त्यामुळे खोडाजवळ हिरवी पाने असणे ही निवडीतील दुसरी अट ठरते. पिच पाइन याला अपवाद आहे. वणव्यानंतर त्याच्या जळालेल्या खोडातून थेट फुटवे येतात.

नेमावाशी

मुळे खोडाजवळ नसतील तर ती तेथे वाढवून घेता येतात. यासाठी वापरली जाणारी जपानी पद्धत 'नेमावाशी' या नावाने ओळखली जाते. शब्दशः अर्थ मुळांभोवती फिरणे. मोठी झाडे हलवण्यापूर्वी माळी एकदोन वर्षे आधीपासून ही तयारी करतात. आजच्या जपानी कार्यालयीन भाषेत हाच शब्द, बैठकीपूर्वी संबंधितांशी अनौपचारिकपणे बोलून संमती मिळवण्यासाठी रूढ झाला आहे.

पहिल्या वर्षी वसंताच्या आरंभी, खोडाच्या बुंध्याच्या व्यासाच्या साधारण ३ ते ५ पट अंतरावर निम्म्या परिघात चर खणला जातो. त्यात लागणारी मुळे धारदार करवतीने किंवा कात्रीने स्वच्छ तोडतात. कुदळीच्या घावाने चिरडलेले मूळ कुजते, धारदार हत्याराने कापलेल्या मुळाला टोकाशी नवी मुळे फुटतात. झाडाला तोलून धरणारी एकदोन मोठी मुळे न तोडता त्यांची १० ते १५ सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढली जाते. आतील लाकडातून पाणी वर जात राहते, परंतु पानांत तयार झालेले अन्न सालीच्या कापाशी अडते आणि तेथे नवी मुळे निघतात. चर पुन्हा त्याच बारीक वाळूने न भरता भरड नदीवाळू, प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखीय खडक) आणि थोडे स्फॅग्नम शेवाळ यांच्या मिश्रणाने भरतात. ओलावा आणि हवा यांचा समतोल, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेतील वाफसा, अशा मिश्रणात टिकतो. उरलेल्या निम्म्या परिघाची हीच प्रक्रिया दुसऱ्या वर्षी केली जाते आणि झाड तिसऱ्या वर्षी निघते.

या पद्धतीची खरी अडचण तांत्रिक नाही. त्याच झाडाकडे तीन वर्षे पुन्हा पुन्हा जाता आले पाहिजे, उन्हाळ्यात त्याला पाणी देता आले पाहिजे आणि जमिनीच्या मालकाची लेखी संमती तेवढ्या काळासाठी हवी. चोरून झाड नेणाऱ्याला नेमावाशी शक्य नसते. बेकायदा काढलेल्या झाडांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे.

झाड काढणे

हंगाम स्थानिक हवामानानुसार ठरतो. जपानच्या सौम्य किनारी भागात फेब्रुवारी ते मार्च हा काळ योग्य समजला जातो. थंड प्रदेशांत जमीन वितळल्यानंतर आणि डोळे लांबण्यापूर्वीचा अल्प अवधी निवडतात. वसंतात पाइनचे नवे कोंब मेणबत्तीसारखे सरळ वाढतात, म्हणून बोन्सायच्या परिभाषेत त्यांना मेणबत्त्या असेच म्हणतात. मेणबत्त्या लांबू लागल्यावर झाड काढणे धोक्याचे असते, कारण त्या वेळी पाण्याची मागणी सर्वाधिक असते.

काढण्याच्या आदल्या दिवशी झाडाभोवतीची वाळू पाण्याने पूर्ण भिजवली जाते. कोरडी वाळू ओघळते पण ओलसर वाळू कणांमधील पाण्याच्या ताणामुळे आकार धरते. पुळणीवर मुले वाळूचे किल्ले करतात ते याच गुणामुळे. पूर्ण निथळलेली नाही आणि चिखलही नाही अशा अवस्थेत चर खणून हुंडी मोकळी केली जाते. खालून कापण्यापूर्वीच बाजूंना ओले गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट आवळतात. मोठ्या झाडाच्या बाबतीत हुंडीभोवती जागेवरच चार फळ्यांची चौकट ठोकली जाते. त्यानंतरच सोटमूळ करवतीने तोडून, खाली फळी सरकवून, झाड चौकटीसह उचलले जाते. खोडाला धरून उचलणे कटाक्षाने टाळतात, कारण हुंडीचे सगळे वजन त्या क्षणी बारीक मुळांवर येते. जागेवरची काही घमेली वाळू आणि पालापाचोळाही बरोबर नेला जातो. त्यातून कवक नव्या मिश्रणात पसरते. खड्डा बुजवून पृष्ठभाग पूर्ववत करणे हा कामाचाच भाग आहे, कारण वालुकागिरीवर उघडी राहिलेली जागा वाऱ्याने वाढत जाते.

कुंडीतील वाळू

किनाऱ्यावर वाळू उत्तम निचरा देते, म्हणून कुंडीतही तीच भरावी, असा नवशिक्यांचा समज असतो. परिणाम नेमका उलटा होतो. जमिनीत वाळूचा स्तंभ कित्येक मीटर खोल असल्याने पाणी खाली ओढले जाते. कुंडीत हा स्तंभ तळाशी तुटतो. केशाकर्षणामुळे तळाजवळचा एक थर कायम पाण्याने भरलेला राहतो आणि त्याची उंची कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसते. ती कणांच्या आकारावर ठरते. बारीक वाळूत ही उंची १० ते १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकते, तर बोन्सायची कुंडी पुष्कळदा ५ ते १० सेंटिमीटरच खोल असते. म्हणजे वालुकागिरीवर कोरड्या वाटणाऱ्या वाळूने भरलेली उथळ कुंडी तळापासून वरपर्यंत पाणथळ बनते आणि पाइनची मुळे हवेअभावी गुदमरतात.

यावरील उपाय म्हणून झाड प्रथम खोल लाकडी पेटीत लावले जाते. मध्यभागी मूळ वाळूची हुंडी तशीच ठेवून भोवती आणि खाली भरड, चाळून धूळ काढलेले मिश्रण भरतात. त्यात प्युमिस, नदीतील खडी किंवा जपानच्या तोचिगी प्रांतातील कानुमा परिसरात मिळणारी 'आकादामा' ही दाणेदार ज्वालामुखीय माती वापरली जाते. भारतात या जागी चाळलेली विटांची खडी आणि भरड वाळू वापरण्याचा प्रघात आहे. पहिली पुनर्लागवड साधारणतः दोन ते तीन वर्षांनी होते. त्या वेळी हुंडीच्या एकाच बाजूची जुनी वाळू काढतात आणि दुसरी बाजू पुढील पुनर्लागवडीपर्यंत हात न लावता ठेवतात. संपूर्ण वाळू एकदम काढलेला जुना पाइन सहसा वाचत नाही.

झाड पेटीला तारेने किंवा दोरीने पक्के बांधले जाते, कारण वाऱ्याने हलणाऱ्या झाडाची नवी मुळे फुटताच तुटतात. पेटी वाऱ्याच्या आडोशाला पण उजेडात ठेवून पानांवर दिवसातून अनेकदा पाणी शिंपडतात. पाने किंवा फांद्या भरमसाट छाटणे चुकीचे ठरते, कारण पाइनचा अन्नसाठा मोठ्या प्रमाणात पानांत असतो आणि नवी मुळे त्याच साठ्यावर फुटतात. दोन वसंत सलग जोमदार मेणबत्त्या आल्या की झाड रुजले असे समजतात. त्यापूर्वी आकार देण्यास प्रारंभ केल्यास वाचलेले झाडही हातचे जाते.

पुढील संगोपन जातीनुसार वेगळे असते. काळ्या आणि तांबड्या पाइनच्या मेणबत्त्या उन्हाळ्याच्या आरंभी पूर्णपणे कापल्या तर त्याच हंगामात दुसरे, आखूड पानांचे फुटवे येतात. या तंत्राला 'मेकिरी' म्हणतात. पाच पानांच्या पांढऱ्या पाइनवर किंवा थंड प्रदेशातील जॅक पाइनवर हाच प्रयोग केल्यास झाड दुबळे होते.

ताकामात्सुचा इतिहास

'ताकामात्सु' या नावाचा अर्थच 'उंच पाइन' असा आहे. हे शहर सेतो अंतर्गत समुद्राच्या काठी असून येथे पाऊस जपानच्या इतर भागांच्या तुलनेत कमी आणि ऊन भरपूर असते. शहराच्या पश्चिमेकडील किनाशी आणि कोकुबुन्जी या गावांत पाइन बोन्सायची परंपरा सुमारे २०० वर्षांची मानली जाते. सेतो समुद्राच्या किनाऱ्यांवर आणि बेटांवर रानटी वाढलेले काळे पाइन काढून ते कुंडीत लावून विकण्यापासून तिची सुरुवात झाली. कोकुबुन्जी नगर २००६ मध्ये ताकामात्सु शहरात विलीन झाले.

रानटी झाडांचा साठा मर्यादित असतो. चांगल्या आकाराचे किनारी पाइन तयार होण्यास अनेक दशके लागतात, तर ते काढण्यास एक दिवस पुरतो. किनाशीच्या उत्पादकांनी यावर काढलेला मार्ग या विषयाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणता येईल. त्यांनी पाइन बियांपासून किंवा कलमांनी तयार करून आपल्या शेतांतच लावले. या परिसरातील जमीन वाळूमिश्र आणि उत्तम निचऱ्याची आहे. किनाऱ्यावर जी वाळू वाढीस लगाम घालत होती, ती शेतात पाणी साचू न देता मुळांना हवा पुरवू लागली. शिवाय भुसभुशीत जमिनीतून झाड ठरावीक काळाने खणून लांब मुळे तोडणे सोपे जाते. रानात जी मुळे कित्येक मीटर दूर पळत, ती शेतात वारंवार तोडल्याने खोडाजवळ दाट होतात. ही जणू झाडाच्या जन्मापासून चाललेली नेमावाशीच होय. अशा झाडाला मूळ तोडण्याची सवय झालेली असते आणि ते विक्रीसाठी काढल्यावर सहसा मरत नाही. जपानमधील पाइन बोन्सायच्या उत्पादनात कागावा प्रांताचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचे सांगितले जाते. २०११ मध्ये आशिया-प्रशांत बोन्साय आणि सुइसेकी परिषद ताकामात्सु येथे भरली होती.

शहरातील रित्सुरिन उद्यानात हाताने छाटून राखलेले सुमारे एक हजार पाइन आहेत. त्यांपैकी उघड्या मुळांचा एक पांढरा पाइन मुळात बोन्साय होता. शोगुन तोकुगावा इएनारी याने तो १८३३ मध्ये तेथील सरदाराला भेट दिला, पुढे तो जमिनीत लावला गेला आणि आता भव्य वृक्ष झाला आहे. यामादोरीचा हा उलटा प्रवास म्हणावा लागेल.

ऱ्हास आणि कायदा

सेतो समुद्राचा बराच भाग १९३४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाला. जपानच्या पहिल्या तीन राष्ट्रीय उद्यानांपैकी ते एक आहे. ज्या किनाऱ्यांवरून किनाशीची पहिली झाडे आली, त्यांच्या संरक्षित भागांत आज परवानगीशिवाय झाड काढता येत नाही. जपानचे इतर अनेक किनारी पाइनपट्टे तर रानटी नसून वाळू आणि खारा वारा अडवण्यासाठी मुद्दाम लावलेले आहेत. कारात्सु येथील 'निजी नो मात्सुबारा' हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध वन १७ व्या शतकाच्या आरंभी लावण्यास सुरुवात झाली. अशा वनातून झाड काढणे म्हणजे मागच्या शेतांचे व घरांचे कुंपण मोडणे होय. २०११ च्या त्सुनामीत रिकुझेन्ताकाता येथील सुमारे ७०,००० पाइनांच्या किनारी वनातील एकच झाड उभे राहिले आणि खाऱ्या पाण्याने मुळे कुजून तेही पुढील वर्षी मृत घोषित करण्यात आले.

संग्राहकांपेक्षा कितीतरी मोठे नुकसान पाइन मरगळ रोगाने केले आहे. हा रोग पाइन सूत्रकृमीमुळे होतो. मूळचा उत्तर अमेरिकेतील हा सूक्ष्म कृमी लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि झाडाची पाणी वाहून नेणारी यंत्रणा बंद पाडतो. जपानमध्ये अशा मृत्यूंची पहिली नोंद १९०५ मध्ये नागासाकी येथे झाली, मात्र खरे कारण १९७१ मध्ये सिद्ध झाले. काळा आणि तांबडा या दोन्ही जाती या रोगाला सहज बळी पडतात. रोगट भागातून आणलेले झाड भुंगेऱ्यांच्या अळ्यांसह इतरत्र रोग नेऊ शकते. पाइन झाडांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर कडक संगरोध नियम असण्यामागे हेही एक कारण आहे.

आणखी एक बदल कमी नाट्यमय पण दूरगामी आहे. पूर्वी किनारी गावांतील लोक पाइनची गळलेली पाने आणि काटक्या सरपणासाठी गोळा करीत, त्यामुळे वाळू निकृष्ट राहत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅस आणि विजेचा वापर वाढून हे थांबले. पाचोळा साचून जमीन सुपीक झाली, रुंद पानांची झाडे आत शिरली आणि शोरो कवकासह लहान रोपेही दुर्मीळ झाली.

युरोपात काही ठिकाणी परिस्थिती नेमकी उलट आहे. नेदरलँड्समधील वेलुवे प्रदेशातील उघडी सरकती वाळू आणि दक्षिण इंग्लंडमधील हीथ माळराने ही स्वतःच दुर्मीळ परिसंस्था आहेत आणि स्कॉट्स पाइनची रोपे त्यांवर आक्रमण करतात. म्हणून व्यवस्थापक ती नियमितपणे उपटतात. अशा जागी परवानगीने केलेली यामादोरी संवर्धनाला पूरक ठरू शकते, मात्र परवानगी आवश्यकच असते. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्यानुसार जमीनमालकाच्या संमतीविना कोणतीही रानटी वनस्पती मुळासकट उपटणे हा गुन्हा आहे. अमेरिकेतील काही राष्ट्रीय वनांत शुल्क भरून झाडे काढण्याचा परवाना मिळतो, परंतु राष्ट्रीय उद्यानांत तशी मुभा नाही.

भारतातील स्थिती

भारतात चीड, कैल, खासी पाइन, चिलगोजा इत्यादी जाती नैसर्गिकरीत्या हिमालय आणि ईशान्येकडील टेकड्यांवर आढळतात. किनारी वाळूत वाढणारा देशी पाइन नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनांतून परवानगीशिवाय झाडे काढण्यास मनाई आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात नैसर्गिक पाइनवने नाहीत. कोकणातील पुळणींवर दिसणाऱ्या सुरूच्या बनांना पर्यटक अनेकदा पाइनवन समजतात. सुरू (खडशेरणी) हा सपुष्प वृक्ष असून त्याच्या 'सुया' म्हणजे प्रत्यक्षात हिरव्या, सांधेदार डहाळ्या आहेत. पाने त्यांच्या सांध्यांवर सूक्ष्म खवल्यांच्या रूपात असतात. वाळूत तगण्यासाठी सुरूही मुळांवरील सूक्ष्मजीवांची मदत घेतो. त्याच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया हे नायट्रोजन स्थिर करणारे जिवाणू राहतात. उष्ण हवामानात पाइनसारखा दिसणारा बोन्साय करण्यासाठी भारतात व आग्नेय आशियात सुरूचा वापर होतो. त्याची रोपे रोपवाटिकांत सहज मिळतात, त्यामुळे किनाऱ्यावरील संरक्षक लागवडीतून ती काढण्याची गरज पडत नाही.